नाव त्यांचं, फळी आमची

सकाळी सात चाळीसला दोन माणसं शिडी घेऊन आली आणि त्यांनी मला भिंतीवरून खाली उतरवलं. त्यांनी कोणाला विचारलं नाही. दुकानाचं दार तेव्हा अर्धंच उघडलं होतं आणि आत दुकानाच्या दोघी मालकीण बहिणींपैकी थोरली आदल्या दिवशी आलेले बुटांचे खोके फोडत असल्याचं ऐकू येत होतं. स्क्रूचा कुरकुर आवाज ऐकून ती बाहेर आली, तोवर माझं एक टोक हवेत होतं.

“अहो, काय चाललंय? कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कंपनीनं,” शिडीवरचा म्हणाला.

“कुठल्या कंपनीनं?”

“नावाच्या.”

ती कंपनी थोरलीला माहीत होती. कंपनीच्या कागदांवर तिचीही सही होती.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. बुटांच्या एका लहानशा दुकानाच्या दारावर लटकत मी उभं आयुष्य काढलं. माझ्यावर एकच शब्द लिहिलेला आहे, ‘भक्कम’. आज त्या शब्दावर कागद चिकटवला आहे, त्यामुळे मला दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. हे कसं झालं ते मी क्रमाने सांगते. पण एक गोष्ट आधी स्पष्ट करते. पाटीला रस्ता दिसतो, दुकानाच्या आतलं दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पायात काय होतं हे मी छातीठोकपणे सांगेन. कोणाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. ते अजून कोणालाच ठाऊक नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

माझा जन्म एका मोडीत निघालेल्या टेबलापासून झाला. दोघी बहिणींच्या वडिलांनी ही जागा घेतली, तेव्हा आधीचा दुकानदार आपलं जाड लाकडी टेबल मागेच टाकून गेला होता. वडिलांनी त्याची वरची फळी कापली, घासून गुळगुळीत केली आणि रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्याने मजुरी म्हणून बुटांची एक जोडी मागितली. वडिलांनी ती काम व्हायच्या आधीच देऊन टाकली. बूट त्याला इतके आवडले, की रंगवता रंगवता त्याचं लक्ष सारखं पायांकडे. त्यामुळे माझा ‘भ’ भला मोठा झाला, ‘क्क’ कसाबसा बसला आणि ‘म’ला बिचाऱ्याला कडेशी अंग चोरून उभं राहावं लागलं. वडील हसले. म्हणाले, “असू दे. लांबून ‘भ’ दिसला तरी माणसाला कळेल कुठे यायचं ते.”

आणि लोकांना खरंच कळायचं. नवा माणूस पत्ता विचारायला थांबला, की सगळे सांगत, “भक्कमच्या पाटीपासून डावीकडे वळा.” माझ्याखाली एक बाकडं होतं. सोल बसवून होईपर्यंत गिऱ्हाईक त्यावर अनवाणी बसून राही. अनवाणी माणूस मोकळं बोलतो, हे मी तिथे शिकले. वडील दर वर्षी स्वतः शिडीवर चढून माझी अक्षरं गिरवायचे. लोक माझं कौतुक करायचे आणि मलाही बरं वाटायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

वडील गेले. दुकान दोघी मुलींनी सांभाळलं. थोरली बूट शिवते, धाकटी बूट विकते. सगळा रस्ता त्यांना भक्कमवाल्या म्हणतो. धाकटी तर काडीसारखी. तिला कोणी हसलं की ती म्हणायची, “भक्कम मी नाही, माझी ताई आहे.” आणि आतून थोरली ओरडायची, “आणि माझा चपलेचा नेमही भक्कम आहे बरं का!”

अक्षरं गिरवणं मात्र राहून गेलं. शिडीवर चढायला कोणाला वेळ नव्हता. माझा ‘म’ आधी फिकटला, मग ‘क्क’. मी तक्रार करत नाही. दुकान चालवणं सोपं राहिलं नव्हतं.

कारण समोर एक मोठं बुटांचं दुकान आलं होतं. तशीच दुकानं देशभर, आणि म्हणे देशाबाहेरही. त्याची पाटी दिव्यांची होती. तिच्याशी माझी कधी ओळख झाली नाही. दर दोन-तीन वर्षांनी ती बदलायची, ओळख व्हायच्या आत नवी यायची. अंधार पडला की ती स्वतःच्या उजेडात उभी राहायची. मी रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात. तो दिवा सरकारी.

या रस्त्याची एक रीत होती, ती सांगायलाच हवी. आमच्या शेजारी चष्म्याचं दुकान आहे. ते रस्त्याच्या बरोबर मधोमध पडतं. चष्मेवाले काका एकटेच, सकाळी सगळ्यांच्या आधी येणारे, सगळ्यांच्या नंतर जाणारे. त्यामुळे प्रत्येक दुकानाची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता असतो ना, त्याच्या मागे त्यांनी खिळे ठोकले होते. बेकरीवाल्याला दवाखान्यात जायचं असलं, की काका त्याचं दुकान उघडून पाव विकत. धाकटी गावाला गेली आणि थोरली आजारी पडली, तर काका बूटही विकत, आणि प्रत्येकाला सांगत, “मला बुटातलं काही कळत नाही, पण तुम्हाला नीट दिसत नाही एवढं कळतंय.” कोणी कधी किल्ली परत मोजून घेतली नाही.

मग ती सकाळ आली. बेकरीवाला वर्तमानपत्र हातात घेऊन माझ्याखाली येऊन उभा राहिला. त्याचे हात पिठाने पांढरे होते आणि चेहरा लाल.

“ताई, ऐका. समोरच्यांनी गेल्या वर्षी कर किती भरला माहितीये? तुमच्याइतकासुद्धा नाही. सगळी दुकानं मिळून!”

“खोटं छापलं असेल,” थोरली आतून म्हणाली.

“खोटं कशाला? ते म्हणतात आम्हाला नफाच होत नाही. का? तर दुकानावर जे नाव लिहिलंय ते त्यांचं नाहीच म्हणे. ते एका बेटावरच्या कंपनीचं आहे, तिथे करच लागत नाही. नाव वापरायचं भाडं तिकडे पाठवावं लागतं, त्यात नफा संपतो.”

“आणि ती बेटावरची कंपनी कोणाची?”

“त्यांचीच!”

थोरली हसली. धाकटी हसली नाही. तिने बाहेर येऊन त्याच्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं आणि दारात उभ्या उभ्या पूर्ण वाचलं.

धाकटीला काय हवं होतं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण ती ते गिऱ्हाइकांनाही सांगायची. थोरलीची बोटं आखडत चालली होती. सकाळी सुई धरायला तिला आधी गरम पाण्यात हात धरावे लागत. सोल शिवायचं मशीन आलं असतं, तर तिचे हात वाचले असते. पण वर्षअखेरीला कर भरून झाला, की मशीनचं बोलणं पुढच्या वर्षावर जायचं.

बेकरीवाल्याचा मेहुणा एका मोठ्या सल्लागार कचेरीत होता, ती नोकरी आता सुटली होती. मोठ्या कंपन्यांना अशीच बेटं दाखवायचं काम त्याने केलं होतं. तो आला, दुकानं बंद झाल्यावर सगळे आमच्या बाकड्याभोवती जमले. बेकरीवाला त्याला मेहुणे म्हणायचा, म्हणून सगळा रस्ता त्याला मेहुणेच म्हणू लागला. गोरा, बोलका, बुटांच्या टाचा एकसारख्या झिजलेल्या. सतत चालणाऱ्या माणसाच्या झिजतात तशा.

“करायचं एवढंच,” मेहुणे म्हणाले, “तुम्ही आपापलं नाव कंपनीला विकायचं. मग ते वापरायचं भाडं कंपनीला द्यायचं.”

“माझ्या बापानं ठेवलेलं नाव मी वापरायचं, आणि भाडं भरायचं?” थोरली म्हणाली.

“भाडं तुमच्याच कंपनीला.”

“म्हणजे या खिशातनं काढून त्या खिशात.”

“हो. फक्त तो खिसा बेटावर शिवलेला आहे.”

लोक हसले. थोरलीने विचारलं, “मेहुणे, इतकं सोपं आहे तर तुमची नोकरी का सुटली?”

“माणसं कमी केली त्यांनी.”

“असं,” थोरली म्हणाली. तिचं ‘असं’ ज्याने ऐकलंय त्याला माहीत आहे, की त्यात बराच मजकूर असतो.

बेकरीवाल्याचं म्हणणं वेगळंच होतं. “आपल्याला पैसे वाचवायचेच नाहीत. आपण सगळ्यांनी केलं, की सरकारला हे भोक बुजवावं लागेल. मग समोरच्यांचंही बंद. काट्याने काटा काढायचा.” सलूनवाला म्हणाला, “तुझा काटा तू काढ. माझे वाचले तर मी घेणार.” चष्मेवाले काका बाकड्याच्या टोकाला बसून चष्मा पुसत होते. त्यांनी फक्त एकच विचारलं, “हे बेकायदेशीर तर नाही ना?”

“समोरच्यांना कोणी पकडलंय का?” मेहुणे म्हणाले.

हे उत्तर नव्हतं. मी ते तेव्हाच टिपलं. खाली बसलेल्यांनी ते उत्तर म्हणून घेतलं.

प्रत्येकाची वेगळी कंपनी काढायची तर खर्च फार. म्हणून सगळ्या रस्त्याची मिळून एकच काढायची ठरलं. मेहुण्यांनी विचारलं, कंपनी कोणाच्या नावावर? आणि सगळे एका सुरात म्हणाले, काकांच्या. दुसरं नाव कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मेहुणे म्हणाले, “अजून एक-दोघं असलेले बरे.” त्यावर बेकरीवाला म्हणाला, “किल्ल्या एका जागी असतात, तसं हेही राहू दे. दहा खिळे कशाला?”

मित्रांनो, चूक कुठे झाली असं कोणी विचारलं तर मी इथे बोट ठेवेन. किल्ली आणि नाव यांत फरक आहे, हे त्या रस्त्यावर कोणाला वाटलंच नाही.

थोरलीने सही सगळ्यांत शेवटी केली. धाकटीने तिचा हात धरून म्हटलं, “ताई, हाताकडे बघ स्वतःच्या.” म्हणून केली.

नाव विकलं गेलं आणि मग किती वर्षांनी माझ्या अंगावर रंग चढला! मेहुण्यांनी सांगितलं होतं, की नावाला किंमत आहे असं दिसायला हवं. नवा रंगारी आला. त्याने माझा ‘म’ सुद्धा ठसठशीत केला. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण वडील अक्षरं गिरवायचे, तेव्हा शिडीवरून खाली बघत गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. हा माणूस काम झाल्यावर माझा फोटो काढून घेऊन गेला.

पहिल्या वर्षी खरंच कर वाचला. मशीनसाठी आगाऊ रक्कम गेली. बेकरीवाल्याने सगळ्यांना फुकट बिस्किटं वाटली.

त्याच वर्षी रस्त्यावरचा सरकारी दिवा गेला. माझ्या समोरचाच. बेकरीवाल्याने तक्रार केली, उत्तर आलं की निधी नाही, रांगेत आहे. तो कचेरीला शिव्या घालत आमच्या दारात आला, आणि बोलता बोलता एकदम थांबला. त्या विषयावर पुढे कोणी मोठ्याने बोललं नाही. समोरची पाटी झळकत होती. मी अंधारात.

मग मेहुण्यांचा नवा निरोप आला. कंपनी खरी वाटायला हवी. कोणी तपासायला आलं, तर दुकान आणि कंपनी यांचा व्यवहार परक्यासारखा दिसला पाहिजे. फुकट काही नको. घरोबा नको. कंपनीने मालकासारखं वागलं पाहिजे.

पुढच्या सोमवारी चष्मेवाले काका कोट घालून आमच्या दारात उभे राहिले. त्यांच्या दुकानापासून आमचं दुकान चार पावलांवर, पण ते रस्त्यापलीकडून चालत आले.

“नमस्कार. मी कंपनीतर्फे आलोय. नावाची पाहणी करायला.”

“या काका, चहा टाकू का?” धाकटी म्हणाली.

“कंपनी चहा घेत नाही.”

तिघंही पोट धरून हसली. काकांनी वर बघून मला नमस्कार केला आणि म्हणाले, “पाटीच्या डाव्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे. कंपनी नाराज आहे.” थोरलीने केरसुणी आणून त्यांच्याच हातात दिली.

त्यानंतर तिघांना एकत्र हसताना मी ऐकलेलं नाही. पुढच्या पाहणीला काका चहाला नाही म्हणाले, तेव्हा थट्टा नव्हती. त्याच्या पुढच्या पाहणीला त्यांनी सांगितलं, की बाकडं नावाला शोभत नाही, काढा. थोरलीला वाटलं थट्टा आहे. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, “बाकडं अजून इथेच?”

“काका, खरं सांगा, नाटक करताय ना?”

ते इकडेतिकडे बघून म्हणाले, “नाटकच आहे गं पोरी. पण नाटक आहे असं कोणाला दिसलं, तर त्याचा उपयोग काय?”

बाकडं आत गेलं. आता माझ्याखाली कोणी बसत नव्हतं, त्यामुळे मला ऐकूही कमी येऊ लागलं.

एका दुपारी काका समोरच्या मोठ्या दुकानातून बाहेर पडले. तिथल्या व्यवस्थापकाने त्यांच्यासाठी दार धरलं होतं. काकांच्या पायात नवे बूट होते. हे मी स्वतः पाहिलं. ज्या माणसाच्या बुटांना थोरलीने आणि तिच्या आधी तिच्या वडिलांनी सोल लावले, तो माणूस समोरचे बूट घालून रस्ता ओलांडत होता. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. काचेतून हात हलताना दिसले, एवढंच. थोरलीही दारात होती. बूट विकणाऱ्यांची नजर आधी पायांवरच जाते.

“बघितलंस?” ती धाकटीला म्हणाली.

“अगं, परक्यासारखं वागायला सांगितलंय ना त्यांना.”

“परक्यासारखं वागायला सांगितलंय. परक्यांचे बूट घालायला नाही.”

त्यानंतर मी धाकटीलाही काकांच्या दारात पाहिलं. ती बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. थोरली बाहेर आली तशी ती म्हणाली, “बरं काका, चष्मा उद्या बघते,” आणि परत आली. धाकटीला चष्मा नाही. मी कोणावर आरोप करत नाही. जे दिसलं ते सांगते.

मागच्या आठवड्यात करखात्याच्या तपासनीस बाई आल्या. साध्या वेषात, एकट्या. आधी त्यांनी रस्त्यावर उभं राहून मला नीट पाहिलं. त्यांच्या उजव्या बुटाची टाच एका बाजूला पार झिजली होती. थोरलीने ती पाहिली आणि नकळत हात पुढे केला. बाई म्हणाल्या, “नको. मला तुमच्याकडून काही घेता येणार नाही.” मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“हे नाव कोणाचं?”

“आमचं,” थोरली म्हणाली.

“कंपनीचं,” धाकटी म्हणाली. दोघी एकदमच बोलल्या.

बाईंनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. “नाव तुमचं असेल, तर ती कंपनी नुसती दाखवायची आहे. मग वाचवलेला कर दंडासकट भरावा लागेल. नाव कंपनीचं असेल, तर कर सुटला. पण मग ते खरोखर तिचं. उद्या ती म्हणाली दुसऱ्याला विकतो, तर तुम्हाला तोंडातून शब्द काढता येणार नाही. विचार करून ठेवा. दोघींचं मिळून एकच उत्तर मला हवंय. पुढच्या गुरुवारी येते.”

“समोरच्यांना विचारलंत का हे?” थोरलीने विचारलं.

“विचारलं. तिथे बारा वकील येतात आणि बाराही जण एकच उत्तर देतात. इथे तुम्ही दोघी आहात आणि दोन उत्तरं देताय.”

त्या गेल्यावर बेकरीवाला धावत आला. “ताई, ‘आमचं’ कशाला म्हणालात! एका दुकानाने तसं म्हटलं, की सगळ्यांची कंपनी खोटी ठरणार. मी तर बुडालोच. माझी भट्टी गहाण आहे.”

“तुलाच काट्याने काटा काढायचा होता ना? सरकारचे डोळे उघडायचे होते ना?”

“हो, पण माझ्या डोळ्यांत बोट घालून नाही!”

“आणि नाव घेऊन काका गेले तर?”

“काका? काका कुठे जाणार?” बेकरीवाला म्हणाला. पण म्हणताना त्याने चष्म्याच्या दुकानाकडे वळून पाहिलं. पूर्वी त्याने पाहिलं नसतं.

सबंध आठवडा दोघी बहिणी भांडल्या. थोरलीचं एकच, बापाचं नाव मी दुसऱ्याचं म्हणणार नाही. धाकटीचंही एकच, दंड भरला तर मशीनची आगाऊ रक्कम गेली, मशीन गेलं आणि तुझे हात गेले. मग नाव काय चाटायचंय? थोरली म्हणाली, “तू काकांशी काय बोललीस त्या दिवशी?” धाकटी म्हणाली, “त्यांना म्हटलं नाव परत द्या, आम्ही कंपनी सोडतो. ते म्हणाले आत्ता दिलं तर सगळे अडकतील.” थोरलीने त्यावर फक्त म्हटलं, “असं.”

आणि आज सकाळी शिडी आली.

माणसं मला गाडीत घालायला निघाली, तशी थोरली आडवी आली. “थांबा. नाव त्यांचं, कबूल. फळी आमची. फळी माझ्या बापाची आहे. ती विकल्याचं दाखवा आणि खुशाल न्या.” त्यांनी फोन लावला. पलीकडे कोण होतं ते कळलं नाही. शेवटी त्यांनी माझ्या तोंडावर जाड तपकिरी कागद लावला, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली आणि मला आत आणून पायाचं माप घ्यायच्या स्टुलांमागे भिंतीला टेकवून ठेवलं. पाटी झाल्यापासून दुकानाच्या आत मी पहिल्यांदाच आले. ते कसं आहे हे मला दिसलं नाही. चामड्याचा वास येतो, एवढं खरं.

धाकटी उशिरा आली.

“तुला माहीत होतं?” थोरलीने विचारलं.

“नाही, शप्पथ.”

“मग आज नेमका उशीर का झाला?”

“ताई, मशीनवाल्याकडे गेले होते. गुरुवारपर्यंत थांबा म्हणून सांगायला.”

बेकरीवाला आला, तेव्हा दोन तर्क मांडले गेले, आणि दोन्ही बरोबर बसतात. पहिला तर्क असा, की काकांनी हे आमच्यासाठीच केलं. बाईंना दाखवायला, की बघा, नाव खरंच कंपनीचं आहे, ती पाटीसुद्धा उतरवू शकते. म्हणजे कर सुटला, सगळे सुटले. दुसरा तर्क असा, की नाव विकलं. समोरच्यांना ‘भक्कम’ नावाचे बूट काढायला काय जातंय? कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. खरा मालक जे करेल, तेच खोट्या मालकालाही करावं लागतं.

“काकांना विचारू या की सरळ,” धाकटी म्हणाली.

पण चष्म्याचं दुकान बंद आहे. काका आजारी असले तरी दहापर्यंत दुकान उघडतातच. आज उघडलेलं नाही. त्यांचा फोन वाजतो, कोणी उचलत नाही. आणि सगळ्या रस्त्याच्या जादा किल्ल्या आत, तक्त्यामागे आहेत. काकांच्या दुकानाची जादा किल्ली मात्र कोणाकडेच नाही. ती ठेवायला कोणी सुचवलंच नव्हतं.

मेहुण्यांना फोन लावला. ते म्हणाले, मागच्या महिन्यापासून मी त्या कंपनीचं काम बघत नाही. का बघत नाही, हे सांगितलं नाही. बेकरीवाला म्हणाला, “बायकोचा भाऊ आहे, म्हणून काही वाईट बोलत नाही. चांगलंही बोलत नाही.”

दुपारी एक जुनं गिऱ्हाईक बूट न्यायला आलं. ते दोनदा दारावरून पुढे गेलं. मग आत येऊन म्हणालं, “अहो, पाटी कुठाय? मला वाटलं तुम्ही दुकान विकलं.” धाकटी म्हणाली, “रंगायला काढलीय.”

मित्रांनो, मी लाकडाची आहे, मला कायदा कळत नाही. समोरचे करतात ते बरोबर असेल तर लहान दुकानांनी का करू नये, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्यांची पाटी उद्या बदलली तर तिकडे कोणाची झोप उडणार नाही, आणि इथे सकाळपासून कोणी जेवलेलं नाही, इतकं मला कळतं. तुमच्या दारावर कोणी एक शब्द लिहून ठेवला असेल, तर त्याच्यावर लक्ष असू द्या. त्याच्यावरची धूळ स्वतः पुसा. तो कोणाला सांभाळायला दिलात, तर अधूनमधून हक्काने मागून बघा, आणि मागायची लाज वाटू देऊ नका. आणि सांभाळायला घेणाऱ्याकडेही कोणीतरी चौकशी करा, की बाबा रे, हे ओझं तुला पेलतंय ना. काकांना हे आम्ही कोणी विचारलं नाही.

चारच्या सुमाराला बाहेर पुन्हा शिडीचा आवाज झाला. कोणीतरी वर चढलं. मोजपट्टी सर्रकन ओढल्याचं ऐकू आलं, नेमकी माझ्या रिकाम्या जागेवर.

“कोणाची पाटी लावताय?” थोरलीने खालून विचारलं.

“मला फक्त माप घ्यायला सांगितलंय,” एक तरुण आवाज म्हणाला. “नाव नंतर कळवणार आहेत.”

“कोण कळवणार आहे?”

“ऑफिस.”

मग धाकटीचा आवाज आला. “ताई, तो काकांच्या दुकानावरचंही माप घेतोय.”

“वेगळं?”

“नाही. पट्टी उचललीच नाही त्याने. आपल्या दारापासून त्यांच्या दुकानाच्या टोकापर्यंत एकच माप, एकाच पाटीचं.”

तो माणूस शिडी घेऊन गेला. चष्म्याचं दुकान अजून बंद आहे. तपासनीस बाई परवा येणार आहेत. दोघी बहिणी माझ्यासमोर स्टुलांवर बसल्या आहेत, आणि उत्तर कोणतं द्यायचं हे ठरलेलं नाही.